पावडर-आपा आणि गल्लीचा नळ

पावडर-आपा गल्लीच्या बाहेर क्वचितच पडत. पण आज त्या कुठे आहेत, हे लोक त्यांच्या अंगाच्या वासावरून सांगत. सकाळी त्यांच्या दारावरून वाळ्याचा गार वास आला, की समोरचे किराणावाले महालिंगअप्पा दुकानातूनच विचारत, "आपा, आज सोनारी का?" शिलाई मशीन थांबवून आपा आतून उत्तर देत, "व्हय अप्पा. खाली सोनारी, वर हैदराबाद. ऊन चढलं की हैदराबाद येतंय बघा." आणि खरोखरच, दुपारी ऊन पत्र्यावर आले, की वाळा मागे सरून उदाचा दाट वास दारातून बाहेर येई.

आपा आता हयात नाहीत. त्या असत्या, तर या लेखाचा शेवटचा भाग मी लिहिला नसता. गावाचे नावही मी लिहीत नाही, कारण नळाचे प्रकरण अद्याप न्यायप्रविष्ट आहे. धाराशिव जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव, एवढे पुरे. ज्यांच्या नळाला आठवडा उलटल्याशिवाय पाणी येत नाही, त्यांना ते आपलेच गाव वाटेल, आणि त्यात त्यांची काही चूक होणार नाही.

मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्तीनंतर आणि पत्नीच्या मृत्यूनंतर मी एकटाच राहतो, आणि दिवसातला पुष्कळसा वेळ अर्ज लिहिण्यात घालवतो. आपा मला वकीलसाब म्हणत. मी वकील नाही, असे मी त्यांना अनेकदा स्पष्टपणे सांगितले. त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे, "भांडतो पण वरडत न्हाय, कागद लिहितो. मग वकील न्हाय तर काय?" माझ्या कपाळावरच्या विभूतीचीही त्यांना मौज वाटे. "तुमी राख लावता, म्या पावडर लावते. भुकटीवरच चाललंय की आपल्या दोघांचं." मी त्यांना विभूती आणि प्रसाधन यांतला भेद समजावून सांगू लागलो, की त्या मशीनचे चाक जोरात फिरवीत.

त्या ब्लाऊज शिवत. तरुणपणीच पती गेले. मशीनवर त्यांनी शबाना नावाची एकुलती एक मुलगी वाढवली, शिकवली आणि लोहारा तालुक्यात सास्तूरला दिली. शिवणकाम हा त्यांचा व्यवसाय होता. सुवास ही त्यांची विद्या होती, आणि ती विद्या हौसेतून आलेली नव्हती. ती टंचाईतून आलेली होती. घरात पाणी येई ते बेताने. त्यातला नमाजाआधीच्या वजूचा लोटा त्या आधी बाजूला काढून ठेवत, मग स्वयंपाकाचे, मग पिण्याचे. अंगासाठी उरे तो अर्धा तांब्या. त्यात फडके बुडवून त्या अंग पुसत, आणि कातडीवरची ओल पुरती जायच्या आत पावडर लावत. अत्तराचा थेंब त्यानंतर, आणि तोही लगेच नाही. "आधी अस्तर, मग अत्तर," हे त्यांचे सूत्र होते. उघड्या अंगावर अत्तर लावले तर घाम ते नासवतो, खाली पावडरचे अस्तर असले तर ते संध्याकाळपर्यंत टिकते, असे त्या सांगत, आणि ओढणीच्या पदराला तिसराच वास असे, कारण "मान वळवली की काहीतरी नवं आलं पाहिजे."

बाजारात मिळणाऱ्या सुवासिक डब्यांविषयी त्यांना तिरस्कार होता. त्या बिनवासाची पांढरी पावडर मागवत, ती मलमलच्या कपड्यातून चाळत, तिच्यात वाळा, नागरमोथा किंवा कचोरा वस्त्रगाळ करून मिसळत, आणि अत्तराचा फाया डब्यात घालून झाकण घट्ट लावून ठेवत. मात्र वाळा आणायला त्या कधी गेल्या नाहीत. कुणी कुठेही निघाले, की त्या दारात उभ्या राहत. "यात्रेला चाललाव? मग मला तिथला वास आणा." सोनारीच्या काळभैरवाच्या यात्रेतून कुणी जडीबुटीवाल्याकडचा वाळा आणी, हैदराबादच्या नातलगांकडून उदाचे अत्तर येई, महालिंगअप्पा ईट गावच्या बाजाराला गेले की मोगऱ्याची वेणी येई. "गाव बघायचं आपल्याला कुठं जमतंय," त्या म्हणत, "वास तरी येऊ दे."

ब्लाऊजचे माप द्यायला आलेल्या बायकांना त्या विचारत नसत, सरळ पावडर लावत. उन्हाळ्यात, नळ येऊन बरेच दिवस झालेले असताना, बायका संकोचून दारातच थांबत. आपा त्यांना आत ओढून मानेवर फडके फिरवीत, पाठीवर पावडर थापटीत आणि मगच टेप काढीत. "लाजतीस काय? सगळ्या गावाचं एकच हाय. माझं नवं कापड घाण व्हायला नको, म्हणून लावते." बाहेर पडणारी बाई ताठ चालत असे. परंतु त्यांचा एक दोषही नोंदवला पाहिजे. पावडर थापटता थापटता त्या नाकाने सारे हेरत. कुणाच्या घरी काल मटण शिजले, कुणाचा नवरा पिऊन आला, कोण सासूशी भांडून न्हाणीत रडत बसली होती, हे त्यांना वासावरून कळे, आणि त्यांना कळले की गल्लीला कळे. या संदर्भात मी त्यांना तोंडी समज दिली होती. "तुमचा राग बी वासानं कळतो," त्या म्हणाल्या. "गरम शाईवानी येतो."

आता नळाविषयी. आमची गल्ली उताराची आहे आणि आपांचे घर सर्वांत खाली. पाण्याला जोर असा नाहीच. म्हणून गल्लीने आपांच्या दारापुढे खड्डा खणून नळ खाली घेतला होता. बाकीच्या नळांतून फक्त हवेचा फुत्कार येई, पाणी येई ते त्या खड्ड्यात. तिथून पाणी वर चढवायला एक छोटी मोटार होती, आणि प्रत्येक घराच्या टिपाडापर्यंत नळ्या टाकलेल्या होत्या. पाणी कोणत्या दिवशी येईल, दिवसा येईल की पहाटे, हे पाणी सोडणाऱ्यालाही सांगता येत नसे. माणसे कामावर जात, मुले शाळेत जात, मी अर्ज देण्यासाठी कचेऱ्यांत जात असे. आणि हे सर्व आम्हांला शक्य होई, कारण आपा घरी असत. "नळ आला!" ही त्यांची हाक उठे, आणि त्या खड्ड्यात उतरून एकेका घराची नळी जोडून देत. दोन घरांच्या मधे त्या आपल्या लाडक्या गिऱ्हाइकाची नळी घुसडत, याला मी लेखी हरकत घेतली होती. ती त्यांनी बाहीच्या मापाचा नमुना कापायला वापरली.

इतक्या वर्षांत नळ आला आणि आपा घरात नाहीत, असे एकदाही झाले नाही. ही गोष्ट गल्ली अभिमानाने सांगत असे. ज्या व्यवस्थेत एका बाईने उंबऱ्याशी जखडून राहावे तेव्हा बाकीच्यांना तहान भागवता येते, त्या व्यवस्थेविषयी माणसांना अभिमान कसा वाटू शकतो, हे मला तेव्हा समजले नाही आणि आजही समजत नाही.

शबानाला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची सर्वांची रीत. त्यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही. आपांनी जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवली, डिंक आणला, खोली सारवली. मग सास्तूरहून विहीणबाईंचा फोन आला. फोन आपांनी स्पीकर लावून मशीनवर ठेवला होता आणि मी शर्टाची बटणे लावून घेण्यासाठी समोर बसलो होतो, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या. 

"तुमच्याकडं नळाला पाणी कधी येतंय, सांगा बरं आधी," विहीणबाई म्हणाल्या. 

"येतंय की. हाय पुरेसं." 

"पुरेसं? बाळंतिणीला न्हाऊ घालायचं असतंय रोज, आपा. का पावडर लावून बसवायची तिला?" 

फोन ठेवल्यावर आपांनी पुन्हा सुई उचलली. माझे बटण त्यांनी उलट्या बाजूने लावले. मग म्हणाल्या, "खोटं काय बोलली ती? खरं हाय ते." थोड्या वेळाने, "तिला इथं आणता येत न्हाय, तर म्या तिकडं जाते. बाळ बाहेर येताना आई पाहिजे जवळ. माझ्या वेळी न्हवतं कुनी."

त्यांच्या बाजूने हा सर्व विषय एवढाच होता. त्यांना सास्तूरला जायचे होते आणि मुलीच्या उशाशी बसायचे होते. गल्लीच्या बाजूने मात्र तो फार मोठा निघाला.

त्याच संध्याकाळी महालिंगअप्पांच्या दुकानापुढे लोक जमले. कुणीही आपांना जाऊ नका म्हणाले नाही. आमच्याकडे कुणाला तसे तोंडावर म्हणत नाहीत. "जावाच की आपा, जायलाच पाहिजे," असे प्रत्येकजण म्हणाला, आणि प्रत्येकाने त्यापुढे एक वाक्य जोडले. एकाच्या घरी साखरपुडा होता. एकाची आई अंथरुणाला खिळलेली होती. महालिंगअप्पा म्हणाले, "या पाळीचं पाणी तेवढं होऊ द्या आपा. पुढची पाळी झाली की खुशाल जावा." 

"अप्पा," आपा म्हणाल्या, "पोरीच्या पोटातलं बी पाळी बघून येणार हाय व्हय?" 

सारे हसले. हसण्यावर सभा संपली, आणि आपा राहिल्या.

मी नगरपरिषदेला अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत काटेकोर अर्ज होता. एका संपूर्ण गल्लीचा पाणीपुरवठा एका स्त्रीच्या घरी असण्यावर अवलंबून आहे, ही बाब तिच्या मुक्तपणे संचार करण्याच्या हक्कावर गदा आणणारी आहे, सबब पाण्याचा वार आणि वेळ निश्चित करून जाहीर करावी, अशी मागणी मी केली. त्याला उत्तर आले, हे मान्य केले पाहिजे. सदर गल्लीतील नागरिकांनी स्वयंस्फूर्तीने केलेली व्यवस्था आदर्श असून, तिच्यामुळे स्वतंत्र वेळापत्रकाची आवश्यकता भासत नाही. संबंधित महिलेचे कार्य अभिनंदनीय असून तिचा यथोचित गौरव करण्यात येईल. तक्रारीलाच प्रशस्तिपत्र मानण्याची ही हिंमत या लोकांत येते कुठून? कैद्याने कुलूप दाखवावे आणि जेलरने कुलपाला हार घालावा, असा तो प्रकार होता.

आणि गौरव झाला. आपल्याकडे एखाद्याला जागचे हलू द्यायचे नसेल, तर त्याचा सत्कार करतात, ही गोष्ट मला इतकी उघड दिसत असूनही थांबवता आली नाही. गल्लीच्या तोंडाशी मांडव पडला. फलकावर आपांच्या फोटोखाली "गल्लीची जलमाता" असे छापले होते. आपांना शाल आणि श्रीफळ दिले, आणि त्यांची आवड लक्षात घेऊन वर रिबीन बांधलेला सुवासिक पावडरचा भलामोठा डबा दिला. भाषणात पाहुणे म्हणाले, "आपा आहेत तोवर या गल्लीला तहान माहीत होणार नाही." टाळ्या झाल्या. आपा मान खाली घालून बसल्या होत्या. शबानाला तेव्हा नववा महिना होता.

मांडव सुटल्यावर त्यांनी डब्याचे झाकण उघडून वास घेतला. "नुसता गुलाब," त्या म्हणाल्या. "एकटाच. खाली बी कुनी न्हाय, वर बी कुनी न्हाय." मग खांद्यावरची शाल घडी करत करत म्हणाल्या, "लई जड असती वकीलसाब शाल. घातली की उठता येत न्हाय." 

मी त्यांना म्हणालो, उद्याच निघा; मी पाहतो काय करायचे ते. 

"आन् साखरपुडा? आन् ती म्हातारी? सगळ्यांच्या पुढं हात जोडून बसले की म्या आता. कसं जाऊ?" 

 

पुढच्या पाळीचे पाणी आले ते सकाळी. आपा खड्ड्यात उतरून नळ्या जोडत होत्या, गल्लीभर टिपाडे आणि घागरी लागल्या होत्या, आणि त्याच वेळी फोन वाजला. त्यांनी ओल्या हाताने तो कानाला लावला. मी माझ्या नळीचा क्रमांक धरून शेजारीच उभा होतो. फोनमधून बाळ रडल्याचा आवाज आला, अगदी बारीक. विहीणबाई सांगत होत्या, पहाटे मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत, मी होते जवळ, काळजी करू नका.

आपांनी नळी हातातून खाली ठेवली. फेकली नाही, नीट खड्ड्याच्या काठावर ठेवली. वर आल्या, घरात गेल्या, आणि बांधून ठेवलेली दुपट्यांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "नळ चालू हाय. ज्याला पाहिजे त्यानं भरावं." आणि चालू लागल्या. मी पिशवी घेतली आणि त्यांच्याबरोबर निघालो. संपूर्ण गल्ली त्या वेळी रस्त्यावर होती, आणि एकाही माणसाने त्यांना जाताना पाहिले नाही. सर्वांचे डोळे नळ्यांच्या तोंडाकडे लागलेले होते. मागे कुणीतरी ओरडत होते, "आपा, माझी जोडा की! आपा!" त्या वळल्या नाहीत. स्टँडवर लोहाऱ्याच्या गाडीत बसल्यावर त्यांनी ओढणीने तोंड झाकले, आणि गाडी हलेपर्यंत ते उघडले नाही.

त्यानंतरचे गल्लीचे हाल मी लिहीत नाही. पाणी आले की घरात कुणी नसे. घरात कुणी असले तर त्याला नळ्या जोडता येत नसत. जोडता आल्या तर भांडण होई. एकदा तर अख्ख्या पाळीचे पाणी गटारीला गेले. लोक आपांना रोज फोन करू लागले. चाळीस दिवस उलटून गेले, तरी आपा आल्या नाहीत. तेव्हा गल्लीने ठरवले, की कुणीतरी जाऊन त्यांना घेऊन यावे. आणि ज्याच्या शब्दाला त्या मान देतात असा माणूस म्हणून माझी निवड केली. मी गेलो. का गेलो, असे कुणी विचारले तर सांगतो, मला त्यांना पाहायचे होते.

भूकंपानंतर नव्याने बसवलेल्या त्या गावातले घर साधेच होते, अंगणात बैलगाडी आणि मोटारसायकल शेजारी शेजारी उभ्या होत्या. दारात शबाना होती. तिने मला ओळखले, पाणी दिले आणि लगेच विचारले, "अम्मीला न्यायला आलाव का, काका?" तिच्या आवाजात आदर होता, पण ती दारातून बाजूला झाली नाही. 

आतून आपा बाळाला घेऊन आल्या. त्या बारीक झाल्या होत्या आणि त्यांच्या अंगाला कसलाही वास नव्हता. बाळाला रोज न्हाऊ घालतात, असे त्या म्हणाल्या. विहिरीचे पाणी आहे, विहीणबाई ओतायला बसतात आणि आपा चोळतात, आणि या मुलीला पाणी इतके आवडते की बाहेर काढले की रडते. पावडर लावता का, असे मी विचारले. "न्हाय. पोरीच्या टाळूला तिचाच वास हाय की," त्या म्हणाल्या, "त्याच्यावर कशाला काय घालू?" 

मग त्यांनी बाळ शबानाकडे दिले आणि माझ्यासमोर बसल्या. "गल्लीचा फोन येतो रोज. म्या इथं सुखात, आन् तिथं लोकं भांडतेत. झोप लागत न्हाय. म्हातारीला पाणी कोन देतंय? यावं म्हनते म्या तुमच्याबरोबर. पिशवी भरलीय."

मी न्यायालयात असंख्य साक्षी नोंदवून घेतल्या आहेत. खोटी साक्ष देणाऱ्याचा मला इतका तिटकारा आहे, की अशा माणसाने पुढे केलेला चहाही मी कधी घेतला नाही. मी म्हणालो, "आपा, आदेश निघाला. आता वार ठरला आहे. सकाळी पाणी येते आणि सगळ्यांच्या नळाला येते. नवी जलवाहिनी टाकली. खड्डा बुजवला." 

"कागद निघाला?" 

"निघाला." 

"तुमच्या अर्जावर?" 

"माझ्याच अर्जावर." 

"आन् म्हातारी?" 

"तिच्या दारातच नळ आहे आता." 

आपा माझ्याकडे पाहत राहिल्या. प्रवासात मला घाम आला होता. परंतु अंगाचा तो वास प्रवासाचा नव्हता, हे मलाही ठाऊक होते. गल्लीत त्या आठवड्यात नळ आलेलाच नव्हता. मी अंगही पुसलेले नव्हते. शाईचा, रागाचा, दिवसांमागून दिवस साचलेल्या घामाचा तो वास त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर होता, आणि त्यांचे नाक कसे होते हे सर्व गल्लीला माहीत होते.

आपा उठल्या, न्हाणीत गेल्या. बादली भरल्याचा आवाज आला, मग दुसरी. बाहेर येऊन त्यांनी दोरीवरचा धुतलेला पंचा काढून माझ्या हातात दिला. "रस्त्याला लई धूळ असती, वकीलसाब," त्या म्हणाल्या. "जावा, आंघोळ करून घ्या. चांगलं डोक्यावरनं घ्या. हात राखू नका."

मी अंघोळ केली. भिंतीपलीकडे आपा शबानाला सांगत होत्या, ती भरलेली पिशवी रिकामी कर आणि माझे कपडे पुन्हा कपाटात ठेव.